टिलीबाईंच्या जागेतली खुर्ची

पिट्सबर्ग, गुरुवार, नाश्त्यानंतर

आदरणीय स्टीफनराव,

तुमचे दोन्ही गुडघे, मणका आणि शिल्लक राहिलेली ती एक किडनी ठिकाणावर असतील अशी आशा करतो. एरीला आमच्या दुप्पट बर्फ पडला असं टीव्हीवर सांगतात तेव्हा तुमचं घर दिसतंय का म्हणून मी पुढे सरकून बघतो, पण ते दर वेळी तोच पेट्रोल पंप दाखवतात. माझी तब्येत तशी बरी आहे. सोमवारपासून छातीत धडधडतंय, पण ते दुखणं खुर्चीचं आहे, आणि म्हणूनच हे पत्र.

तुमची बहीण ॲना गेल्यापासून मी एकटा राहावं हे आमच्या लेकीला, मार्लीनला, पसंत नाही, हे तुम्ही जाणता. वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक तिने माझ्या फ्रिजवर चिकटवून ठेवलंय (त्यातला म्हातारा बुद्धिबळ खेळताना हसतोय, बुद्धिबळ खेळताना कुणी हसत नाही). शेवटी तोड अशी निघाली की तिची मुलगी ब्रेना माझ्याकडे राहील आणि दर शनिवारी आईला फोन करून माझं डोकं जागेवर आहे की नाही ते कळवेल. आजवरचे सगळे शनिवार मी निभावले. एकदा गॅस चालू राहिला होता, पण ब्रेनाने तो आपल्या नावावर घेतला.

मुलगी चोवीस वर्षांची, दिवसा औषधांच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी मागच्या खोलीत खेळते. खेळते म्हणजे कॉम्प्युटरवर, देशोदेशीच्या लोकांबरोबर, एका जळून गेलेल्या राज्यासाठी. त्या खोलीत तिने त्या राज्याचं सामान मांडलंय. दिवा अळंबीच्या आकाराचा, बसायचं स्टूल खजिन्याच्या पेटीसारखं, जमिनीवर त्या मुलखाचा नकाशा विणलेला गालिचा (चपला काढून जावं लागतं, राजधानीवर पाय द्यायचा नाही), आणि हेडफोन टांगायला एक कवटी, जिच्यावर मी एकदा चुकून टोपी ठेवली होती. या सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे खुर्ची. ही तिला स्पर्धेत बक्षीस मिळाली. असल्या खुर्च्या साऱ्या जगात चारशेच आहेत म्हणे. पाठीवर ड्रॅगन भरलेला, मानेला उशी, खाली बॅटरीवरचा जांभळा दिवा, आणि खेळात कुठे काही कोसळलं की खुर्ची थरथरते. आणि तिला पाच चाकं आहेत. चाकांचं ध्यानात ठेवा.

सोमवारी ब्रेना कामावर गेली आणि मी घरासमोरचा बर्फ उपसायला घेतला. संध्याकाळी तिच्या गाडीला जागा हवी. तीन तास लागले. आता जागा काढली की तिथे खुर्ची ठेवायची आणि खुर्ची आहे तोवर ती जागा आपली, ही रीत तुम्हाला मी काय सांगणार. पण एकतीस वर्षं वापरलेली आपली स्वयंपाकघरातली खुर्ची उचलायला गेलो तर तिचा पाय गंजून हातात आला. घरात उरल्या जेवणाच्या टेबलाच्या चार. त्या ॲनाच्या, त्यांना बर्फ लावणार नाही. एक घडीची, पण ती चर्चची, मासळीच्या जेवणानंतर परत करायची राहिलेली. मग विचार केला, गाडी ब्रेनाची, जागा ब्रेनाची, तर खुर्चीही ब्रेनाचीच असावी. हा विचार तेव्हा मला फार सरळ वाटला.

ती ड्रॅगनची खुर्ची बाहेर जागेत ठेवून मी चाकांना लावायला वीट आणायला आत गेलो (म्हणजे चाकांची मला कल्पना होती, मार्लीनने विचारलंच तर हे आवर्जून सांगा). वीट घेऊन येतो तर खुर्ची उतारावरून निघालेली. फार वेगात नव्हती. वळणावर वळली, आणि खालच्या गल्लीत टिली नोवोत्नी बाईंच्या घरासमोर बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत, मधोमध, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मापून ठेवली असती तरी इतकी नीट बसली नसती. तेवढ्यात माझ्या जागेत कुणा प्लंबरची व्हॅन येऊन लागली. खुर्ची नव्हती, त्याला तरी काय बोलणार.

आता म्हणाल, खाली जायचं आणि आणायची. मी गेलो, पायऱ्या धरून धरून. खुर्चीच्या पाठीला हात लावला तोच वरची खिडकी उघडली.

"अहो लेस्को, हात नका लावू. कुणीतरी ठेवलीय ती."

मी म्हटलं, मी फक्त बघत होतो. बाई शाल गुंडाळून खाली आल्या. त्यांच्याकडून कळलं ते असं, की जागा त्यांनीच उपसली होती, खुर्ची आणायला आत गेल्या, आणि परत येऊन बघतात तर ही. मी म्हटलं, मग जागा तुमचीच. तर म्हणाल्या, "राबले मी, पण खुर्ची त्याची आहे ना. आता काय, माझी गाडी चर्चपाशी लावलीय. कुणी मोठा माणूस दिसतो. खाली दिवासुद्धा लावून ठेवलाय, रात्री कुणाची धडक बसू नये म्हणून."

त्याच वेळी खरं सांगून टाकायचं होतं. पण समोरच्या दोन खिडक्यांतून माणसं बघत होती, आणि दुसऱ्याच्या जागेतली खुर्ची उचललेल्या त्या हडसन कुटुंबाला लोक अजून कुठल्या नावाने ओळखतात ते तुम्हाला माहीत आहे. खुर्ची उचलणारा त्यांचा मुलगा आता दातांचा डॉक्टर आहे, तरी. शिवाय टिलीबाई मार्लीनबरोबर बिंगो खेळतात. चारशेतली एक खुर्ची मी बर्फात नेऊन उतारावर सोडली हे मार्लीनच्या कानावर गेलं की ते पत्रक फ्रिजवरून निघालं आणि मी घरातून निघालो. मी टिलीबाईंना म्हटलं, लोक चांगले असतात. मंगळवारी पुन्हा गेलो तर बाईंनी खुर्चीवर न्हाणीघरातला पडदा पांघरला होता, चारी टोकं नीट बांधून. अनोळखी माणसाच्या वस्तूला इतकं जपतात, आणि स्वतः त्या वयात चर्चपासून किराण्याच्या पिशव्या उचलून आणतात. पिशव्या मी उचलल्या. तेवढंच हातात होतं.

इकडे ब्रेना त्या खजिन्याच्या पेटीवर बसून खेळते आणि कंबर चोळते. खुर्ची कुठे गेली याचं मी तिला काहीतरी सांगितलंय. काल संध्याकाळी जेवताना म्हणाली, "आजोबा, खालच्या गल्लीत माझ्यासारखीच खुर्ची आहे कुणाची तरी. बर्फात ठेवलीय."

"लोकांना किंमत नसते," मी म्हटलं.

तिने कोबीच्या नूडल्स पुन्हा वाढून घेतल्या. म्हणाली, मालकासाठी तिथे चिठ्ठी ठेवून आलेय. काय लिहिलंस म्हटलं तर, मालक वाचेल की, म्हणाली. बिचारीला वाटतंय, या टेकडीवर तिच्या राज्याचा आणखी एक माणूस राहतो. ती वाट बघणार, आणि चिठ्ठी टिलीबाई वाचणार, आणि परवा शनिवार. नूडल्स मला गेल्या नाहीत. तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठे आणि शाळाही पुरी केलेले, म्हणून लिहितो.

आपला,
अँड्र्यू लेस्को

ता. क. मी ब्रेनाला सांगितलंय की खुर्चीची शिवण उसवली म्हणून ती तुमच्याकडे एरीला पाठवली. तुम्ही उभा जन्म खुर्च्यांना कापड चढवलंत, दुसरं कुणाचं नाव सुचलं नाही. तिचा फोन आला तर खुर्ची तुमच्याकडे आहे, दोरा मिळत नाही, एवढंच सांगा. खोटं बोलावं लागेल याची क्षमा असावी.

ता. क. २. हे पोस्टाच्या काउंटरवर उभ्याने लिहितोय, पेन दोरीला बांधलेलं आहे म्हणून अक्षर वाकडं. टिलीबाई बाजारात गेल्या होत्या, म्हणून येता येता पडद्याखाली हात घालून चिठ्ठी काढली. त्यात लिहिलंय: "आजोबा, आत्ता उचलू नका, सगळी गल्ली बघतेय. बर्फ वितळला की दोघं मिळून वर आणू. आईला शनिवारी सांगणार आहे, आजोबा ठणठणीत. टिलीबाईंच्या पिशव्या मात्र रोज तुम्हीच आणायच्या." चिठ्ठी मी वाचून परत तिथेच ठेवली.

तरीही तिचा फोन आला तर खुर्ची तुमच्याकडेच आहे असं सांगा. ती मुद्दामच विचारणार, आणि तिने एवढं निभावून नेलंय तर आपण मध्येच खरं बोलणं बरं दिसणार नाही. रंग विचारला तर काळा आणि जांभळा. ड्रॅगनला शेपट्या दोन आहेत.