अकरा विहिरी

६ जानेवारी, मंगळवार

मिळालं! काम मिळालं! भर समुद्रातून तेल आणि गॅस काढणाऱ्या कंपनीचा शाश्वतता अहवाल. एकशे बारा पानं, मराठीत करायची. आणि करणार कोण, तर लातुरात बसून मी — जिने आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा चपला हातात धरून.

वशिला अर्थात भाचीचा. राजकन्या मुंबईला त्याच कंपनीत ह्याच अहवालाचं काम बघते. वर्षभर कच्ची नेमणूक. अहवाल बिनबोभाट छापून झाला की पक्कं पत्र. "मावशी, एकच कर. तुझ्या सदरात ह्यातलं काही लिहू नकोस." वीस वर्षं लोकांच्या टोप्या उडवण्याचं सदर चालवते मी. तरी शब्द दिला. फेब्रुवारीपर्यंतचा.

मराठीत कशाला? तर मुखेडकडे अक्काच्या गावात कंपनीने गायरानावर झाडं लावलीत. धूर समुद्रात, झाडं गायरानात, फिट्टंफाट. जागा देताना गावाने अट घातली होती — दर वर्षी काय केलं ते ग्रामसभेत मराठीतून सांगायचं. ही अट अक्काची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कावेरीबाई, राजकन्येची आई. सातवी पास. कागद उलटा धरला तरी त्यातली खोट सापडेल अशी बाई.

९ जानेवारी

बावीस पानांवर कासवांचे फोटो. तेल एकाही फोटोत नाही. कंपनी समुद्रातून कासवं काढते असं वाटावं.

११ जानेवारी, रविवार

काय शब्द आहेत! चार तास झाले, उठवत नाही. पान ६१: "प्रत्येक हितसंबंधीच्या प्रश्नाला अहवाल छापण्यापूर्वी पुराव्यासह उत्तर देण्यात येईल." आमच्याकडे हितसंबंधी म्हणजे ज्याच्या मेव्हण्याला टेंडर मिळतं तो. ह्यांच्याकडे म्हणजे कोळी, कासव आणि आमची अक्का.

तिला फोन केला. म्हणाली, "शाश्वतता म्हंजी काय गं?"

"टिकून राहणं."

"कोण टिकून राहनार? कंपनी का आपुन?"

हा प्रश्न एकशे बारा पानांत कुठेच नाही. बघितलं शोधून.

१५ जानेवारी

पान ४७. समुद्रातल्या, तेल संपलेल्या विहिरींचं काय केलं, ते. इंग्रजीत गुळगुळीत शब्द होता, 'बंद केल्या' छापाचा. विहीर बंद कशी करणार? दुकान आहे का? विहीर बुजवतात. लिहिलं: "या वर्षी अकरा विहिरी कायमच्या बुजवल्या." कसं खणखणीत मराठी! स्वतःवरच खूश होऊन झालेली पानं अक्काला पाठवून दिली. बघ म्हटलं, लेकीचं काम.

१८ जानेवारी, रविवार

घोटाळा. अक्काने पानं सरपंचाला दिली, सरपंच महादेवप्पांनी ती पारावर मोठ्याने वाचली. पान ४६ — तुमच्या गावात झाडं लावली. पान ४७ — अकरा विहिरी कायमच्या बुजवल्या. पुढे गावाने आपल्या विहिरी मोजल्या. अकराच भरल्या! कागदावर बुजवल्यात, म्हणजे आता खरोखर बुजवायला येणार.

महादेवप्पांचा फोन. आवाज फार सभ्य, म्हणजे प्रकरण गंभीर. "ताई, जागा झाडाला दिली हाय. हिरी बुजवायला न्हाई दिली."

"अहो, त्या समुद्रातल्या तेलाच्या विहिरी."

"मंग तसं लिव्हायचं की. हितं रामकिशन दोन दिवस झाले हिरीच्या काठावर बाज टाकून बसलाय. शेताकडं कोन बघावं?"

झाडं मोजायला आलेल्या कंपनीच्या माणसाला गावाने चहा पाजून परत पाठवलं. गावात पाऊल टाकू दिलं नाही. चहा स्टँडवरच पाजला.

राजकन्या रडवेली. "मावशी, 'तेल' हा एक शब्द घालायला काय झालं होतं गं?"

१९ जानेवारी

तेलविहीर. तेलविहीर. तेलविहीर. 'कासव' सत्तर वेळा लिहिलं मी, आणि हा शब्द एकदा सुचू नये!

२६ जानेवारी, सोमवार

सकाळच्या एसटीने मुखेड, तिथून जीपने गाव. झेंडावंदन झालं की ग्रामसभा. मीच चूक केली, मीच निस्तरणार. एरवी ग्रामसभेला कोरम नसतो; आज माणूस मावत नव्हता. असा वाचकवर्ग माझ्या सदराला कधी मिळाला नाही.

समजावलं. समुद्राच्या तळाला भोक पाडतात, तेल काढतात, तेल संपलं की भोकात सिमेंट भरतात. पहिल्यांदा महादेवप्पा हसले, मग सगळं गाव. रामकिशनला बाजेवरून चिडवणं सुरू झालं. सुटले, म्हणेपर्यंत बायकांतून अक्का उठली.

"भरलं हे बघितलं कुनी?"

म्हटलं, "अक्का, समुद्राच्या तळाशी आहे ते."

"असू दे की. माझी हीर योजनेतनं झाली. फोटू किती मागितले? तीन. कामाआधी, काम चालू असताना, काम झाल्यावर. मधला फोटू न्हवता तर आठ महिने माझी हीर झालीच न्हवती. पानी पिऊन राहिलो, आन कागदावर हीर न्हाई!"

पुन्हा हशा. अक्का मात्र हसली नाही.

"मंग त्यांच्या अकरा हिरीचे बी तीन-तीन फोटू दाखवा. आन नुसतं झाकण टाकलेलं चालणार न्हाई. झाकली म्हंजी बुजवली न्हवं. आमच्या गावात झाकलेल्या हिरीत म्हैस पडलीय."

मी कानात म्हटलं, "अगं, तुझ्या लेकीच्या गळ्याशी येईल."

"लेकीच्या कंपनीला इच्यारतेय मी. लेकीला न्हाई."

ठराव झाला. एकमताने. अकरा विहिरी, तेहतीस फोटो. गोल शिक्क्यासह. परतीच्या एसटीत एकटीच हसत होते. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं.

२ फेब्रुवारी

ऐका नवल! मुंबईत ठरावाला हसले नाहीत. म्हणजे आधी हसले. मग अहवाल तपासणाऱ्या बाहेरच्या संस्थेने पान ६१ काढलं. हितसंबंधीचा प्रश्न आहे, पुराव्यासह उत्तर द्या, नाहीतर आमचा दाखला नाही. अक्का हितसंबंधी! अख्ख्या कंपनीला कामाला लावलं सातवी पास बाईने. तळाशी कॅमेरा सोडून काढलेले फोटो असतात म्हणे. राजकन्या गोळा करतेय. तीही हरखलेली: "मावशी, आजवर हे कुणी मागितलंच नव्हतं गं!"

सदराचा मजकूर डोक्यात तयार आहे. फेब्रुवारी संपू दे फक्त.

७ फेब्रुवारी, शनिवार

नऊ विहिरींचे फोटो पुरे. उरलेल्या दोन विहिरींचा 'काम झाल्यावर'चा फोटो नाही. कारण काम झालेलंच नाही. तात्पुरतं झाकण बसवलंय. सिमेंट पुढच्या वर्षी. कदाचित.

राजकन्येच्या साहेबांचा मला थेट फोन. गोड माणूस. "मॅडम, आकड्याला हात लावायला नको. 'बुजवल्या' जरा जास्त होतंय. 'बंद केल्या' करा. मूळ इंग्रजीत तेच आहे. आणि बंद म्हणजे झाकणही आलं, सिमेंटही आलं."

बरोबर बोलतोय तो, हीच तर गंमत. अनुवाद म्हणून 'बंद केल्या'च चोख. 'बुजवल्या' ही माझी मिजास. एक शब्द बदलला की अहवाल छापायला मोकळा, सोमवारी राजकन्येला पक्कं पत्र. गावही खूश, विहिरी शाबूत.

तिला विचारलं, काय करू? तिने उलट विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"तू तुझी फाइल मला पाठव. शेवटचा हात मी फिरवते."

८ फेब्रुवारी

पाठवली. पान ४७ वर 'बंद केल्या' लिहिलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गुळगुळीत शब्दांवर जगले. आज एक स्वतः लिहिला, भाचीसाठी. चहा गोड लागला नाही. साखर दोन चमचे होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

छापलेला अहवाल कुरियरने आला. पान ४७: "या वर्षी नऊ तेलविहिरी बुजवल्या. दोन नुसत्या झाकल्या आहेत." आतल्या पानावर अनुवादक म्हणून माझं नाव. वाक्य माझं नाही.

राजकन्येचा फोन बंद. अक्काला लावला.

"हितं हाय. सकाळच्या एसटीनं आली, दोन बॅगा घेऊन. हुरडा खाऊन राहिली. घास संपला की देते फोन."