भट्टीतल्या राखेचा वरचा थर

अखनाशील, १६ ऑक्टोबर १९८६

प्रिय रूअरी,

मंगळवारी डोलिनानं माझ्या तोंडावर दार लावलं, म्हणून हे पत्र. मी नेलेली अंडीही परत केली. म्हणाली, "इशबेल, तुमच्या घरचं काही घ्यायचं म्हणजे आधी अबकारीवाल्यांना विचारलेलं बरं."

कारण तू ओढ्याकाठी लावलेला फलक. तिथल्या चोरट्या व्हिस्कीची भट्टी म्हणे ॲनाबेल मॅथेसनची, आणि कर्स्टी मॅकरेनं पाच पौंड इनामासाठी ती पकडून दिली. ॲनाबेल डोलिनाची खापरपणजी, कर्स्टी आपली. दोन घरांत पाच पिढ्यांचा शेजार होता. तुझ्या चार ओळींनी तो संपला.

अबकारीच्या दप्तरात इनामाची नोंद सापडली आणि तू तिथंच थांबलास. भट्टीची दारू गाळायची तांब्याची नळी झिजली की भट्टी आपणच पकडून द्यायची आणि इनामातून नवी नळी घ्यायची, ही चाल या सगळ्या डोंगरांत चालायची. तुझ्याच पुस्तकात ती आहे. तिथं परक्या बायकांना तू हुशार म्हटलंस, घरच्या बाईला फितूर. भट्टी दोघींची होती, बेतही दोघींचा. आपल्याकडे ही गोष्ट सासूनं सुनेला सांगितली. डोलिनाची आई बाळंतपणात गेली, तिला सांगणार कोण?

बरं, कागद सोड. तुझ्याच उत्खननाच्या खड्ड्यात राखेचे दोन थर निघाले, मध्ये बोटभर माती. भट्टी तेव्हाच कायमची मोडली म्हणतोस, तर वरची राख कुणाची? तू वहीत लिहिता लिहिता म्हणालास, 'मेंढपाळांची शेकोटी असावी.' मी काठावर उभी राहून ऐकत होते आणि गप्प बसले. त्याचा राग मला माझाच आहे.

वरची राख आईच्या भट्टीची आहे, रूअरी. तू एडिंबराला होतास ती चार वर्षं, धुकं उतरलं की ती वर जायची. धुक्यात धूर दिसत नाही. तुझी फी कॅनडाचा ॲलिस्टर मामा भरतो, असं तिनं तुला सांगितलं. मामानं आपल्याला कधी नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं नाही. जमिनीतली राख वाचायला तू त्या राखेवर शिकलास आणि तिलाच शेकोटी म्हणालास. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिनं मला घातली होती. आज मोडते आहे, कारण पुरावा दिल्याशिवाय तू फलक उतरवणार नाहीस. उतरव. आणि डोलिनाच्या दारात तू स्वतः जा, मला पाठवू नकोस.

तुझीच,
इशबेल

आज सकाळी टपालगाडीच्या हेक्टरकडे तुझ्यासाठी दिलं: कर्स्टी आणि ॲनाबेलनं इनामातून घेतलेली तांब्याची नळी, एक. वेटोळी सात, ठिगळं तीन. तिसरं ठिगळ आपल्या किटलीच्या तांब्याचं, जी फुटली असं आईनं तुला कळवलं होतं. नळी आईच्या ॲप्रनमध्ये गुंडाळली आहे. ॲप्रन परत पाठव.