बाची सही

आंजी (मोठी),
ता. २० नोव्हेंबर १९७८

ती. कांताताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू वर्ध्याला मास्तरीण व्हायला गेली आणि इकडे माझी पंचाईत झाली. सहामाहीचं प्रगतिपुस्तक मिळालं. सोमवारी बाची सही घेऊन परत द्यायचं आहे. तिसरीपर्यंत तूच ‘रूपराव’ अशी झोकात सही करत होती. बा आता अंगठा लावतो म्हणते. पण गेल्या वर्षी सही येत होती तो माणूस यंदा कसा विसरला, असं गुरुजी विचारतील नाई काय? मी पाटीवर तुझ्यासारखी काढून पाहिली, जमत नाई. शाळेची घंटा ऐकली की पोट दुखते. माय ओवा देऊन राह्यली. म्हणते, जेवताना बरं नाई दुखत! लवकर सांगजो.

माया कमी करू नको.
तुझी जयवंता


वर्धा,
ता. २२ नोव्हेंबर १९७८

चि. जयवंतास,
अ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. घरात लिहिणारी मी एकटी, म्हणून बा म्हणाला होता, तूच कर, घरचंच काम आहे. मला ते खुपायचं, पण एकदा केल्यावर थांबायचं कसं? आता गुरुजींनी वर कळवलं तर इथल्या कॉलेजातून माझं नाव काढून टाकतील, हेच डोक्यात घोळतं. तरी तू पाटी पुसून टाक. बाला सोबत ने, गुरुजींसमोर अंगठा लावू दे आणि चूक ताईची म्हणून सांग. ओवा पुरे कर, जीभ पोळेल.

मायला नमस्कार. उलट टपाली कळव, नाहीतर मी उपाशीच.
तुझी ताई


आंजी (मोठी),
ता. २७ नोव्हेंबर १९७८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जेवून घे. बा धुतलेलं धोतर नेसून शाळेत आला. गुरुजी हसले. म्हणाले, ही सही कांताच्या निबंधाच्या वहीतल्या अक्षरातली, हे मला पहिल्याच वर्षी समजलं होतं. रूपराव स्वतः केव्हा येतात तेच पाहत होतो. अंगठा झाला. मग बा म्हणाला, आलोच आहो तर वाचूनही दाखवा. तिथं माझे गणितातले चौतीस उघडे पडले! बानं विचारलं, मोठीचं कसं होतं? गुरुजी म्हणाले, सातही वर्षं पहिली. बानं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तू तर घरी नुसतं पास झाली म्हणायची! येताना त्यानं रस्त्यात चार जणांले थांबवून सांगितलं. आता विचारून राह्यला, तुमच्या कॉलेजातही असं पुस्तक असते काय? असो की नसो, गुरुवारच्या एस.टी.नं अंगठा लावायला येतो म्हणते.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी जयवंता