'गेले' म्हटलं की आधी 'कुठं?'

प्रिय दादा,

तुझ्याच खुर्चीत बसून लिहितेय. टीव्हीच्या तळाशी आपली बातम्यांची पट्टी फिरते ना, तिच्यात तुझ्या निधनाची ओळ टाकायची आहे. काल तुझं तेरावं झालं, तरी टाकवली नाही. अख्ख्या जिंतूरच्या बातम्या देणारं आपलं केबल चॅनल, आणि मालकाचीच बातमी नाही! ओळ सुचेना, म्हणून आधी पत्र.

अण्णांनी तुझ्या हाती काय दिलं? पिठाच्या गिरणीवरची खोली, एक कॅमेरा आणि शिडी. तू दारावर 'संचालक' अशी पाटी ठोकलीस आणि त्याच दिवशी खांबावर चढून तुटलेली वायर जोडलीस. पुढं वीस वर्षं बातम्या वाचल्यास, गिरणीच्या घरघरीसकट. गिरणी बंद असली की लोक फोन करायचे, "आज आवाज बिघडला का?"

पण तुझं खरं नाव झालं ते मागच्या गल्लीतल्या दामूनानांमुळे. नानांच्या सत्काराची वेळ विचारायला तू त्यांच्या घरी फोन केलास. सून म्हणाली, "नाना गेले," आणि लाइन कटली. नाना गेले होते पोखर्णीला, नृसिंहाच्या दर्शनाला. तू मात्र श्रद्धांजलीची पट्टी सोडून मोकळा! संध्याकाळी नाना प्रसाद घेऊन एसटीतून उतरले, तर दारात हार घेऊन माणसं उभी. त्यांनीच एकाला विचारलं, "कोन गेलं बाबा?"

तेव्हापासून तुझा नियम. कुणी 'गेले' म्हटलं की आधी विचारायचं, "कुठं?" चहाला गेलेल्या माणसालाही तू सोडलं नाहीस. किती वैतागायचे मी!

आणि दोन आठवड्यांपूर्वी परभणीच्या दवाखान्यातून वहिनीचा फोन आला. "ताई, हे गेले."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "कुठं?"

वहिनीनं फोन ठेवून दिला. तो शब्द मला अजून खातोय, दादा. असले नियम करतं का कुणी?

आज दामूनाना काठी टेकत जिना चढून आले. "मी जित्ता असताना माझी पट्टी चालवली त्यानं. आन् त्याची न्हाई?"

"लिहवत नाही, नाना."

"खात्री केली का?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"मंग लिही. मी बसलोय हितं."

बसलेत अजून. चष्मा पुसून झाला की ओळ वाचून बघणार आहेत.

तेव्हा आता लिहिते. चॅनल मी चालवीन, पाटी तुझीच राहील. खांबावर चढायला मात्र माणूस ठेवीन. आणि वचन देते, 'गेले' असा फोन आला की लोक हसोत, रागावोत, मी आधी 'कुठं?' विचारीनच. काय सांगावं, एखादा खरंच पोखर्णीला गेलेला असेल.

तुझी धाकटी,
शकू