लूएलाचे अठ्ठेचाळीस तास

१५ ऑक्टोबर
हे लिहायला बसावं लागलं ते परवाना-तपासनीस मिस ड्यूलीमुळे. आज तिने विचारलं, लूएलाच्या प्रशिक्षणाचे तास रजिस्ट्रीकडे कोणत्या तारखेला पाठवले? मला तारीख सांगता आली नाही. चोवीस वर्षं हे पाळणाघर चालवते आहे. असं कधी झालेलं नाही. यापुढे रोज लिहायचं. स्वतःपुरतं.

वस्तुस्थिती: राज्याच्या रजिस्ट्रीत पाळणाघरातल्या प्रत्येक शिक्षिकेचं खातं असतं. वर्षाला सोळा तास प्रशिक्षण घ्यायचं, ते खात्यावर चढतं. लूएलाच्या खात्यावर तीन वर्षांत शून्य. पंधरा नोव्हेंबरपर्यंत निदान या वर्षीचे सोळा दिसले नाहीत, तर तान्ह्यांची खोली तिच्याकडे राहणार नाही.

शून्य कसं असेल? अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तास मी स्वतः घेतले आहेत. तीन वर्षांपासून मी मान्यताप्राप्त प्रशिक्षक आहे. लूएला पहिल्या रांगेत बसायची. (रांग एकच असते.)

निष्कर्ष: लूएलाने संगणकावर काहीतरी चुकीचं दाबलं.

१६ ऑक्टोबर
लूएलाला ऑफिसात बोलावलं. ओटोला खांद्यावर टाकूनच आली. तो सात महिन्यांचा आहे आणि तिच्याशिवाय कुणाकडे झोपत नाही. विचारलं, काय दाबलंस? म्हणाली, "आर्डिस, मी काहीच दाबत नाही. मला दाबायची भीती वाटते." हा कबुलीजबाबच समजायला हरकत नाही.

तिचा रजिस्ट्री क्रमांक पर्समध्ये, रुबार्बच्या वड्यांची कृती लिहिलेल्या कार्डाच्या मागे. सहा आकडे. तिला पाठ आहेत, तरी कार्ड काढून वाचून दाखवलं.

ब्रिन दारातच उभी होती. ती रांगत्या मुलांचा वर्ग घेते, वय तेवीस. म्हणाली, "मिसेस क्वामी, मी शिकवू का तिला? सगळे कोर्स संगणकावर आहेत. बाळं झोपली की दुपारी बसू. दोन-तीन आठवड्यांत सोळा तास होतील."

नको म्हटलं. पडद्याकडून कोणी शिकत नाही. मी १९७८ साली पदवी घेतली ती समोरासमोर बसून.

संकल्प: आठवड्याभरात प्रकरण मिटवणे.

२३ ऑक्टोबर
रजिस्ट्रीला फोन. एक तरुण मुलगा होता. विचारलं, प्रशिक्षकाने हजेरीपत्रकं पाठवली होती का? म्हटलं, अर्थात. कुणाकडे? संचालिकेकडे. संचालिका कोण? मी. आणि प्रशिक्षक? तीही मीच. नियमात बसतं.

मी त्याला आमची पद्धत नीट समजावून सांगितली. प्रशिक्षण संपलं की प्रशिक्षक हजेरीपत्रक संचालिकेला देते. संचालिका त्यावर "मिळाले"चा शिक्का मारते, तारीख घालते, सही करते, कपाटात ठेवते. तीन वर्षांत एक कागद हरवलेला नाही.

म्हणाला, "मॅडम, ती आमच्याकडे यायला हवी होती. प्रशिक्षणानंतर तीस दिवसांत." कुठे लिहिलंय म्हणून विचारलं. म्हणाला, प्रशिक्षकांच्या पुस्तिकेत. त्याला म्हटलं, अपील करणार आहे. बराच नरमला.

२९ ऑक्टोबर
अपील. चार पानी. रजिस्टर पोस्टाने.

दुपारच्या जेवणाला लूएलाने पुन्हा ब्रिनच्या कोर्सचा विषय काढला. चोवीस वर्षं आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी जेवतो, माझं सूप, तिचा डबा. तिला समजावलं की आता सोळा तास नव्याने केलेस, तर ते अठ्ठेचाळीस झालेच नाहीत असं मान्य केल्यासारखं होईल. प्रश्न तत्त्वाचा आहे.

म्हणाली, "मला तत्त्व नको गं आर्डिस. मला खोली हवी."

मग आपणच जास्त बोललो असं वाटून तिने मला कॉफी आणून दिली.

५ नोव्हेंबर
उत्तर आलं. दोन ओळी. मुदत संपल्यामुळे हजेरीपत्रकं घेता येत नाहीत.

नवी योजना, आणि ही अधिक चांगली: इथून दोन तासांवरच्या फार्गो शहरात शनिवार-रविवार शिबिर आहे. रोज आठ तास, दोन दिवसांचे सोळा. समोरासमोर. तास लगेच खात्यावर चढतात. लूएलाला मी घेऊन जाणार. सगळं इतकं सोपं होतं. हे पत्र त्यांनी आधी पाठवलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता.

१० नोव्हेंबर, शनिवार
लूएलाचं म्हणणं साडेपाचला निघावं. मी सहा ठरवलं. ड्रायव्हिंग मीच केलं, बर्फात तिच्यावर भरवसा नाही. वाटेत पेट्रोल पंपाच्या दुकानात फोटोकॉपीचं मशीन होतं. तीन वर्षांच्या हजेरीपत्रकांच्या प्रती काढून घेतल्या, म्हणजे कोण आलं आहे ते शिबिराच्या लोकांना कळेल. लूएला दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाली, "आर्डिस, निघू या ना." कागद अडकला, ती काही माझी चूक नाही.

पोचलो आठ वीसला. शिबिर आठला सुरू झालं होतं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की दोन्ही दिवसांचे तास धरत नाहीत. दारावरची मुलगी म्हणाली, "बसायचं तर बसा, पण तास मिळणार नाहीत." तिला कागद दाखवले. तिने चांगले आहेत म्हटलं.

मी गाडीत बसले. लूएला आत गेली. दिवसभर बसली, टिपणं काढली. कशासाठी, विचारलं. म्हणाली, "आलेच होते. विषय बाळांच्या झोपेचा होता."

परत येताना तिने हॅमचं सँडविच अर्धं मला दिलं. मग टिपणं मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. दमली असावी. तिचं वय झालंय. (माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.)

१२ नोव्हेंबर
ब्रिनला परवानगी दिली. तीन दिवसांत सोळा तास. जिद्द असली की होतं.

१४ नोव्हेंबर
नऊ झाले. संध्याकाळी सगळी मुलं गेल्यावर दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. लूएला एक बोट उचलते, ब्रिनकडे बघते, मग दाबते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिला येतं. वेळ लागतो तो दाबायला.

ब्रिन म्हणाली, "मिसेस क्वामी, ऑक्टोबरातच सुरू केलं असतं तर..." आणि थांबली. वाक्यं अर्धवट सोडायची या पिढीला सवय आहे.

१५ नोव्हेंबर
मुदत संपली. अकरा. पाच कमी.

मिस ड्यूली आली होती. आवाज न चढवता सांगितलं: उद्यापासून तान्ह्यांची खोली ब्रिनकडे. लूएला तिच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहू शकते.

लूएला नाही म्हणाली. "ब्रिन गुणी मुलगी आहे. पण ओटो रडून माझ्याकडे हात करणार, आणि मी आधी तिला विचारायचं, घेऊ का म्हणून? नाही जमणार मला."

तिला म्हटलं, घाई करू नकोस, मी अजून प्रयत्न करते आहे. तिने माझा दंड थोपटला. बाळांना थोपटते तसा. म्हणाली, "पुरे आता, आर्डिस."

ती गेल्यावर कपाट उघडलं. प्रशिक्षकांची पुस्तिका दुसऱ्याच खणात निघाली. तीस दिवसांचा नियम पान चारवर. पानं एकमेकांना चिकटलेली, कधी उघडलेली नाहीत. मुखपृष्ठावर शिक्का: "मिळाले". तीन वर्षांपूर्वीची तारीख. खाली माझी सही.

छपाई बारीक आहे.

हजेरीपत्रकंही काढून पाहिली. लूएलाने क्रमांक कुठेतरी चुकवला असेल असं मला सुरुवातीपासून वाटत होतं. प्रत्येक कागदावर तिचं नाव, नावापुढे सहा आकडे, शाळकरी मुलीच्या अक्षरात. एकही चूक नाही. दोनदा पाहिलं.

१६ नोव्हेंबर
हस्तांतराची नोंद.

लूएलाकडून मिळालं: तान्ह्यांच्या खोलीची किल्ली, एक. एप्रन, दोन, धुतलेले. वही, एक: कोणतं बाळ कसं झोपतं. (ओटो: डाव्या खांद्यावर, कानाशी गुणगुणत, पाठीवर हात न हलवता.) डुलत्या खुर्चीची उशी, एक. उशी तिची स्वतःची आहे. राहू दे म्हणाली.

माझ्याकडून लूएलाला दिलं: हजेरीपत्रकं, तीन वर्षांची, अठ्ठेचाळीस तास. कशाला देतेस, म्हणाली. म्हटलं, तुझी आहेत.

या नोंदीच्या कागदावर शिक्का मारायला घेतला, मग ठेवून दिला. नुसती सही कर म्हटलं. तिने सही केली आणि सवयीने पुढे तिचा क्रमांक लिहिला. सहा आकडे.

ताडून पाहिले. बरोबर आहेत.