न वाजवलेला हॉर्न

शनिवार, १७ जानेवारी

दोन महिने वहीकडे फिरकले नाही, चुकलंच. आज मात्र लिहायलाच हवं.

पिंपळगावजवळच्या मैदानावर मोटारींच्या शर्यतीची पहिली फेरी झाली. वळणावर मैदानाची व्यवस्था बघणारे बाळूकाका पाठमोरे वाकून, मार्ग दाखवणारा पडलेला नारिंगी कोन उभा करत होते. माझी इलेक्ट्रिक गाडी, आवाजच नाही. मी त्यांच्या हातभर अंतरावरून गेले. "ताई, मांजरीसारख्या आलात की!" म्हणून ते हसले. बाकीचे माझ्या वेळेचं कौतुक करत राहिले.

मला ते दिसले होते. द्वारका चौकात उगाच हॉर्न वाजवणारी मी; इथे वळणावर स्टिअरिंगवरचा हात हलवला तर वेळ जाईल म्हणून वाजवला नाही. की सुचलंच नाही? नाही, सुचलं होतं. ती वाकलेली पाठ... उद्याच्या दुसऱ्या फेरीतही तसंच करेन का?

उद्या: गाडीत बसण्याआधी बाळूकाकांना खरं सांगणे.