प्रज्ञाच्या बंदुकीतली हवा

३ एप्रिल
एसटीच्या लातूर डेपोत सकाळची ड्यूटी. घरी आलो तर पोरगी हातपंपावर अख्खं वजन टाकून एअर रायफलमध्ये हवा भरत होती. मग नेम धरला की हात थरथरतो. नांदेडची नेमबाजी निवड चाचणी तोंडावर आलीय. प्रज्ञाला हवेची टाकी घ्यावीच लागणार.

५ एप्रिल
क्लबचे सर म्हणाले, टाकी कुठलीही घ्या, भरणार कुठं ते आधी ठरवा. क्लबचा कॉम्प्रेसर बंद. तो तापतो, गार ठेवायला बादलीभर पाणी लागतं. लातुरात, आत्ता, बादलीभर पाणी! बायकोपुढं विषय काढला. सुमन म्हणाली, "नळाला महिना झाला पाणी न्हाई. माणसं बिनआंघोळीची अन् बंदुकीला आंघोळ?"

८ एप्रिल
टाकी आली हैदराबादहून. धाकट्या भावाचा, मिलिंदचा, फोन. उदगीरला वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं. "दादा, लावून दे माझ्याकडं. पाण्याबिण्याचं काम न्हाई, भरून देतो." पुतणीवर लई जीव. उदगीरच्या गाडीत टाकी चढवली, कंडक्टर ओळखीचा.

११ एप्रिल
टाकी भरून आली. दाबाचा काटा पुरा चढत नाही म्हणते प्रज्ञा, पण काम भागतंय. "उदगीर वेगळा जिल्हा झाला की मी तिकडून खेळते, बाबा. काका हवा भरणार अन् स्पर्धेत मी एकटीच." खूप हसलो.

१४ एप्रिल
जयंती. विहारात सगळे प्रज्ञालाच स्पर्धेचं विचारत होते. छाती फुगली.

१६ एप्रिल
उदगीरला गेलो होतो. मिलिंदच्या दुकानात ही गर्दी. टँकरची डागडुजी, नव्या जिल्ह्याच्या मोर्चासाठी फलकांचे सांगाडे. सहज विचारलं, हवा कशातून भरलीस? त्यानं गॅसकटरशेजारचं काळं सिलिंडर थोपटलं. ऑक्सिजन! लेथवर टाकीला बसेल असा खास जोड करून घेतलेला, तोही दाखवला. कौतुकानं.
"मिल्या, हे काय केलंस?"
"का? दवाखान्यात माणसाला हेच देतेत की. हवेपेक्षा भारी."
दुकानाच्या भिंतीवर त्याच्याच हातानं लिहिलंय : ऑक्सिजनला तेल-ग्रीस लावू नका, स्फोट होईल. मी तिकडं बोट दाखवलं. म्हटलं, बंदुकीच्या आत काय असतं रे? ग्रीस.
त्यानं सिलिंडरवरचा हात काढून घेतला.
घरी फोन. उचलेना. परत लावला. मग प्रज्ञाच, "काय बाबा, नेम धरला होता." पाच दिवस त्याच हवेवर मारतेय. गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवून. म्हटलं, खाली ठेव, हात लावू नको, लांब हो. मी ओरडत होतो म्हणे. मला आठवत नाही.

१७ एप्रिल
सरांनी मैदानात नेऊन टाकी अन् बंदूक दोन्ही रिकामी केली, हळूहळू. म्हणाले, फुटली असती तर... बंदूक हैदराबादला, ग्रीस-वॉशर सगळं बदलायला. टाकी क्लबातच सोडली, परत घरात नको. सुमन जेवली नाही. "तुमचं अन् तुमच्या भावाचं..." एवढंच बोलली अन् रडायला लागली.

२२ एप्रिल
बंदूक आली. पण हवा? दुपारी दारात मिलिंद. इतके दिवस फोन नाही, काही नाही. उदगीरहून एसटीनं दोन कॅन पाणी घेऊन आलेला. कुणाच्या बोअरचं कोण जाणे. "कॉम्प्रेसरला," एवढंच म्हणाला. सुमननं एक कॅन उचलून स्वयंपाकघरात नेला, दुसरा तिथंच राहू दिला. मग त्याच्यापुढं चहा ठेवला.

२३ एप्रिल
मिलिंदच्या पाण्यावर क्लबचा कॉम्प्रेसर चालला. थेट बंदुकीत हवा भरली, काटा पुरा चढला. प्रज्ञा उभी राहिली, गाल दस्त्याला. मी श्वास रोखून डोळे गच्च मिटले. बारीकसा आवाज झाला. डोळे उघडले तर ती माझ्याकडंच बघत होती.
"बाबा, उद्या नांदेडला तुम्ही येऊ नका. तुम्ही श्वास रोखता, ते मला कळतंय."
मग म्हणाली, "काका, तुम्ही चला."
मिलिंद कॉम्प्रेसरच्या बादलीतलं पाणी परत कॅनमध्ये ओतत होता. ओततच राहिला.
पहाटेच्या गाडीत दोन जागा राखून ठेवल्यात. एक प्रज्ञाची. दुसरीवर अजून नाव घातलेलं नाही; मिलिंद हो म्हणाला तर त्याचं.